रिकामा बसला की बेशुद्ध पडणारा कॉम्प्युटर

आमचा कॉम्प्युटर काम करताना कधीच बंद पडला नाही. तो फक्त विश्रांती घेताना बंद पडायचा.

हे वाक्य आज मी शांतपणे लिहितोय, पण मे महिन्यात ते डोक्यात शिरायला मला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत माझा संसार जवळजवळ मोडीत निघाला. दोष पूर्णपणे माझा होता. (हे शेवटचं वाक्य माझ्या बायकोनं, वंदनानं, वाचून मंजूर केलं आहे.)

मी कागदाच्या मिलमध्ये इलेक्ट्रिकल विभागात चौतीस वर्षं काढली आणि निवृत्त होऊन बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यातल्या घरी येऊन बसलो. बसलो म्हणजे खरोखरच बसलो. वंदना मात्र कामात बुडालेली. ती घरीच लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते आणि त्यासाठी तिनं चांगला दणकट कॉम्प्युटर घेतलाय. त्या दिवसांत लग्नं बाजूला सारून ती एक फिल्म बनवत होती. तिचे वडील, तुकईथडचे आबा, येत्या रविवारी पंच्याहत्तर वर्षांचे होणार होते. फिल्म होती तिच्या आईची. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. शेतातल्या, ओट्यावरच्या, चुलीपुढच्या मोबाईलवर काढलेल्या क्लिपा, आईच्या आवाजासकट. तो मोबाईल केव्हाच बिघडून फेकला गेला होता, क्लिपा आता फक्त या कॉम्प्युटरमध्ये होत्या. आबांना यातलं काहीही माहीत नव्हतं.

अशा कॉम्प्युटरला हात लावू नये, एवढी अक्कल कोणालाही असते. मला चौतीस वर्षांचा अनुभव होता.

झालं असं की उन्हाळा कडक, कॉम्प्युटर तापायचा, त्याचा पंखा घोंघावायचा आणि मला दुपारी झोप लागायची नाही. मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात कळलं की प्रोसेसरला गरजेपेक्षा थोडं जास्तच व्होल्टेज दिलेलं असतं, सावधगिरी म्हणून. ते जरा कमी केलं तर वेग तोच राहतो, उष्णता कमी होते आणि पंखा गप्प बसतो. शिवाय हे सगळं सॉफ्टवेअर आपोआप करतं! एक पायरी व्होल्टेज उतरवतं, तपासतं, आणखी एक उतरवतं, कॉम्प्युटर अडखळला की पुन्हा वर येऊन थांबतं. माणसानं बटण दाबायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं.

गुरुवारी वंदना पहाटेच दिवसभरासाठी मामेबहिणीकडे देडतलाईला गेली आणि मी लगेच बटण दाबलं. सॉफ्टवेअरनं आपलं काम चोख केलं आणि योग्य जागी थांबलं. मी थांबलो नाही. त्याला काय कळतं! माझ्या अंदाजानं मी आणखी पाच पायऱ्या खाली उतरलो.

मग मिलची पद्धत. मिलमध्ये एखादी जळालेली मोटर नवी तार गुंडाळून, रिवाइंड होऊन आली की आम्ही ती पूर्ण शिफ्टभर फुल लोडवर चालवायचो. टिकली की तिच्यावर खडूनं ‘ओके’ लिहायचं आणि सही करायची. मी प्रोसेसरचा घाम काढणारा टेस्टचा प्रोग्रॅम सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच चालवला. (जेवणाची सुट्टी दिली नाही.) कॉम्प्युटर जराही डगमगला नाही आणि पंख्याचा आवाजही उतरला. मी काळ्या कॅबिनेटच्या मागच्या बाजूला खडूनं ‘ओके’ लिहिलं, तारीख टाकली, सही ठोकली. वंदनाला सांगितलं नाही. थंडावा तिच्या आपोआप लक्षात येईल आणि ती माझं कौतुक करेल, असा माझा हिशोब होता.

शुक्रवारी सकाळी ती डाळीखालचा गॅस बारीक करायला उठली. परत आली तर स्क्रीन काळी.

“अहो, हा बंद कसा झाला?”

“लाईट गेली असेल.”

“डोक्यावर पंखा फिरतोय ना!”

“पंखा वेगळ्या फेजवर आहे,” मी म्हणालो. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी विजेबद्दल इतकं खोटं कधी बोललो नव्हतो.

दुपारपर्यंत तो चार वेळा गेला. वंदना जोरात काम करत असली की ठणठणीत. ती पाणी प्यायला उठली, फोन घेतला, नुसता विचार करत बसली, की गेला! आणि माझ्या मनात एकदाही व्होल्टेजचं नाव आलं नाही, कारण टेस्ट पास होती आणि सही माझी होती. मी प्लग बदलला. वायर बदलली. भिंतीतला बोर्ड उघडून सगळे स्क्रू आवळले.

“थांबा, मी आईच्या क्लिपा आधी पेनड्राईव्हवर घेते,” वंदना म्हणाली. कॉपी करणं म्हणजे अगदीच हलकं काम. तो अर्ध्यावर गेला. त्यानंतर आईचा फोल्डर उघडायला गेलं की कॉम्प्युटर बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. वंदनानं पेनड्राईव्ह काढून हळूच टेबलावर ठेवला. ती वस्तू हळू ठेवते तेव्हा मला भीती वाटते, आणि त्या वेळी तर मला रडूच यायला लागलं होतं.

नेमके त्याच संध्याकाळी आबा येऊन ठेपले! शनिवारी सकाळी केळीच्या लिलावाला जायचं होतं.

“त्यांना फिल्मचं कळता कामा नये,” वंदना कुजबुजली.

शनिवारी चहा पिताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॉम्प्युटर रिकामा राहिला की पडतो ना? मग त्याला रिकामा ठेवायचाच नाही! एडिटिंगच्या जोडीला मी तो टेस्टचा प्रोग्रॅमही लावून दिला आणि काय आश्चर्य, तो पडेना! फक्त माऊस हलवला की बाण जरा सवडीनं हलायचा. आईचा फोल्डर उघडायची मात्र वंदनाची अजून हिंमत होत नव्हती. पंखा पूर्वीपेक्षा दुप्पट ओरडायला लागला आणि खोलीची भट्टी झाली. म्हणून मी बैठकीतला कूलर ओढून खोलीकडे नेऊ लागलो. त्या कूलरसमोर आबा लिलावाहून येऊन आडवे झाले होते.

“जावाईबापू, कूलर कुठं घेऊन चालले?”

“कॉम्प्युटरला गरम होतंय, आबा.”

“अन् मले?”

मी कूलर ओढत राहिलो. आबांनी खाट उचलली आणि कूलरच्या मागोमाग खोलीत आणून टाकली. वंदनानं घाईघाईनं स्क्रीनवर कुणाची तरी हळद लावली. वारा नीट लागावा म्हणून मी टेबल फिरवलं आणि कॅबिनेटची पाठ खिडकीकडे आली.

“हे काय लिहिलंय?” वंदनानं विचारलं. “ओके? गुरुवारची तारीख? अन् ही तुमची सही! सही-सही सांगा, काय केलं तुम्ही?”

“थोडंसं व्होल्टेज कमी केलं होतं,” मी म्हणालो.

आबा खाटेवर ताडकन उठून बसले.

“मुद्दाम? आमी तिकडे व्होल्टेजसाठी बिजली ऑफिसच्या चकरा मारून मरून राह्यलो, अन् तुमी घरात बसून कमी करून राह्यले?”

“आबा, हे वेगळं असतं. मी आठ तास फुल लोडवर चालवून पाहिलाय.”

“चालत्या मोटरचं काय पाहता? ते तं चालतच राहते. डाऊन व्होल्टेजमधी मोटर कव्हा जळते? बंद असते अन् उठाले जाते तव्हा! घूं घूं करते, उठत नाही, गेली कामातून. कालपासून पाहून राह्यलो, तुमचा डबा बी बसल्यावरच मरते ना?”

“हो,” मी म्हणालो.

“मंग त्याले उठता येत नाही, बापू. उठाले ताकद लागते.”

मी खाली बसलो. आबांचं अक्षरन् अक्षर खरं होतं. फुल लोडवर प्रोसेसर एका संथ चालीनं चालत राहतो. रिकामा असताना एखादं बारीकसं काम आलं की तो एकदम उडी मारतो, आणि त्या उडीपुरतं व्होल्टेज मी काढून घेतलं होतं. मोटरींच्या बाबतीत हेच मी मिलमधल्या नव्या भरतीला दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत असे.

मी सगळ्या पायऱ्या पुसल्या. माझ्याही आणि बिचाऱ्या सॉफ्टवेअरच्याही. कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला. आम्ही दहा मिनिटं काहीही न करता त्याच्याकडे बघत बसलो. तो पडला नाही. वंदनानं फोल्डरवर क्लिक केलं. उघडला! ती इतकी हरखली की आबा मागे आहेत हे विसरून तिनं पहिलीच क्लिप लावली. टेबल फिरवताना हेडफोनची वायर निघाली होती. स्पीकरमधून आईचा खणखणीत आवाज आला,

“अहो, मोटर बंद केली का? सारं पाणी बांधावरून चाललं!”

“केली, केली,” आबा खाटेवरून म्हणाले.

अगदी सवयीनं. मग त्यांच्या लक्षात आलं. वंदनानं क्लिप थांबवली नाही. आबा उठले, हळूहळू खुर्चीपर्यंत आले.

“एकडाव अजून लाव बरं.”

संध्याकाळपर्यंत आम्ही तिघांनी सगळ्या क्लिपा पाहिल्या. मी कूलर आबांच्या दिशेला वळवून ठेवला. मला माझी फार लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं.

रविवारी तुकईथडला भिंतीवर चादर लावून फिल्म दाखवली. आबांनी आश्चर्याचा अभिनय केला, पण तो अगदीच वाईट होता, कारण आई बोलायच्या आधीच ते उत्तर देत होते. फिल्म संपल्यावर त्यांनी वंदनाला बाजूला घेतलं.

“पोरी, डब्याचं जमलं. पण जावाईबापूचं बी तसंच आहे. मिलमधी इतके वर्षं लोडवर होते, एक तक्रार नाही. रिकामे बसले अन् बिघडले.”

वंदनानं हे फारच मनावर घेतलं. आता सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच मी भाजी, दळण, बँक आणि माळ्याची सफाई यांवर असतो. परवा संध्याकाळी सगळ्या बाजारातून फिरून घरी आलो, आंघोळीला म्हणून सदरा काढला, तर त्याच्या पाठीवर खडूनं ‘ओके’ लिहिलेलं, तारीख, आणि खाली वंदनाची सही!