मारणारं कपाट

अकोल्याला गावंडे वकिलांच्या ऑफिसात मी ज्युनिअर म्हणून पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी मला खुर्ची दाखवायच्या आधी दोन लोखंडी कपाटं दाखवली. "हे तारणारं आन् हे मारणारं," ते म्हणाले. आपल्या पक्षकाराच्या उपयोगी पडतील असे वरच्या कोर्टांचे निकाल पहिल्यात. आपल्याच केसचं वाटोळं करतील असे दुसऱ्यात. मारणारं कपाट मोठं होतं. "आधी आपल्याले काय मारते ते हुडक. तारणारं तं कोणीबी हुडकते."

इथवर ठीक होतं. पण काकाजी (कोर्टातले सगळे वकील त्यांना काकाजीच म्हणायचे) आज घरमालकाची केस चालवायचे आणि उद्या भाडेकरूची. म्हणजे काल तारणारा निकाल आज मारणारा! मग सकाळचा चहा पिता पिता ते झेरॉक्सचे गठ्ठे या कपाटातून त्या कपाटात हलवत बसायचे. एकदा घाईत मी तारणाऱ्या कपाटातला निकाल उचलला, कोर्टात भाडेकरूच्या बाजूनं वाचायला लागले आणि तिसऱ्या परिच्छेदात माझ्याच भाडेकरूला घराबाहेर काढलं. समोरचे वकील उभे राहून म्हणाले, "मॅडमशी मी पूर्ण सहमत आहे." काकाजींना सांगितलं तर म्हणाले, "अवो, तो गठ्ठा हलवाचा राह्यला वाटते माह्याकडून." बास, एवढंच. हसावं की रडावं, कळेना.

त्याहून न कळणारी गोष्ट वेगळीच होती. कपाटांना कुलूप नव्हतं. अकोट, मूर्तिजापूरकडचे वकील यायचे, शोधायचे, झेरॉक्स काढून न्यायचे. त्यात आमच्या विरुद्ध उभे असलेलेही असायचे आणि काकाजी उठून त्यांना गठ्ठा काढून द्यायचे! "कोर्टाले दोन्ही बाजू दिसल्या पाह्यजेत ना बावा," असं त्यांचं म्हणणं. ऐकायला छान, पण वकीलपत्र तर आपण एकाच बाजूचं घेतो! मी हे बोलून दाखवलं की ते मिशीत हसायचे आणि पान लावायला घ्यायचे.

पुढे मी अमरावतीत स्वतःचं ऑफिस थाटलं. तिथे शोभाताई आल्या. शेंदूरजनाघाटच्या. नवरा वारलेला, पदरात मुलगी. वडिलांच्या संत्र्याच्या बागेत त्यांनी वाटा मागितला होता आणि वरुडच्या कोर्टात त्या जिंकल्या होत्या. आता भावांनी अमरावतीला अपील केलं होतं. बाग गेली तर त्यांना दुसरा आधार नव्हता. मी काकाजींना केस चालवायची गळ घातली. ते आले, बडनेऱ्याला उतरले तेव्हा हातातल्या पिशवीत कपड्यांपेक्षा कागद जास्त होते.

सुनावणीच्या सकाळी बाररूममध्ये बसल्या बसल्या मी मोबाईलवर निकाल चाळत होते. आणि एक अगदी ताजा सापडला. भाऊ एकटेच जमीन कसताहेत हे ठाऊक असून बहीण वर्षानुवर्षं गप्प राहिली, तर नंतर केलेला तिचा दावा मुदतबाह्य, असं हायकोर्ट म्हणत होतं. शोभाताई गप्पच राहिल्या होत्या. भावांच्या वकिलांनी अपिलात मुदतीचा मुद्दा नुसता लिहून ठेवला होता. हा निकाल त्यांना सापडलेला दिसत नव्हता.

काकाजींनी तो शांतपणे वाचला, प्रत काढून आणायला सांगितली आणि प्रत आल्यावर उठून सरळ भावांच्या वकिलांच्या हातात ठेवली.

"काकाजी, काय करून राहिले तुम्ही?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तो आपल्याले मारते. कोर्टाले ठाऊक पाह्यजे."

"मग त्यांनी हुडकावा ना!"

"त्याले सापडला नाही म्हून काय कायदा बदलला?"

त्या दिवशी कोर्टात काकाजी जसे बोलले तसं मी कधी ऐकलं नाही. शोभाताईंची गोष्ट त्या निकालातल्या बहिणीपेक्षा वेगळी कशी, हे त्यांनी कागद उलगडून उलगडून दाखवलं. कोर्टाला ते पटलं नाही. अपील भावांच्या बाजूनं गेलं.

निकालाच्या दिवशी शोभाताईंनी पायरीवरच विचारलं, "तो कागद त्याईले कोणं देल्ला?" मी काहीतरी सारवासारव करणार, तोवर काकाजी म्हणाले, "म्या देल्ला."

"नसता देल्ला तं मी जितली असती?"

"आज जितली असती. नागपूरले हायकोर्टात टिकलं असतं का नाही, मले सांगता येत नाही."

शोभाताईंनी फाइल मागितली. काकाजींनी ती स्वतः रिक्षापर्यंत नेऊन दिली. नागपूरला दुसरं अपील त्यांनी दुसऱ्या वकिलाकडून केलं. मला राग काकाजींचा आला होता की भावांच्या वकिलांचा की माझ्याच मोबाईलचा, हे आजतागायत ठरलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात काकाजी अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेले. त्यांनी पहिलं हेच विचारलं, "शोभीचं काय झालं नागपूरले?"

"सुनावणी बाकी आहे. बाग भावांकडंच आहे."

त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला लावली. मग म्हणाले, "म्या तो कागद देल्ला, ते बरोबर केलं का?"

मी गडबडलेच. त्यांचं वागणं मला कधीच कळलं नव्हतं; पण त्यांना स्वतःला ते कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

"बरोबरच केलं, काकाजी."

"आधार?" कोर्टात विचारावं तसं त्यांनी विचारलं.

माझ्याकडे आधार नव्हता. मी त्यांचा हात हातात घेतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. शोभाताईंना कळवायला मी फोन केला. त्या रडल्या, अगदी घरचं माणूस गेल्यासारख्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "लय चांगला माणूस होता बाई. पन मले बुडवलं त्यानं."