मास्कची खिडकी

सुरतेच्या जशुबेन घरी साड्यांना फॉल लावायच्या. कोरोनात सगळ्यांनी मास्क लावले, तशी ओठ वाचून बोलणं समजून घेणारी त्यांची बहिरी लेक कृपाली गप्पगप्प राहू लागली. शेवटी जशुबेननी साडीच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक कापलं, मास्कला खिडकी शिवली आणि हौसेनं लेकीला तो मास्क बांधला.

कृपाली खो खो हसली. "वेडी आहेस का गं मम्मी? माझे ओठ बघून तू काय करणार? मला तुझे बघायचेत!"

जशुबेन ओशाळल्या. त्यांनी मास्क स्वतः लावला. बोलताना खिडकीवर वाफ धरली, म्हणून आतून साबण चोळून पुसला आणि पुन्हा बोलल्या.

"खमण? खाणार की!" कृपाली ओरडली. "आणि शाळेतल्या टीचरला पण एक शिव."

जशुबेननी लगेच दुसरं पाकीट ओढलं.