खुबा बदलला कोणी

माझा उजवा खुबा बदलला त्याला आता बरीच वर्षं झाली. पाय ठीक आहे. त्या डॉक्टरचा राग मात्र जसाच्या तसा आहे आणि तो मी मुद्दाम जपून ठेवलाय.

मी इंदूरच्या एका कापड मिलमध्ये वीस-बावीस वर्षं लूम चालवले. लूमखात्यात आवाज असा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला काही कळायचं नाही. म्हणून आम्ही सगळे ओठ वाचायचो. हे कुणी शिकवत नाही, आपोआप येतं. चार लूम पलीकडचा माणूस नुसते ओठ हलवून विचारायचा, डब्यात काय आणलंस, आणि मी तसंच उत्तर द्यायचो. हिंदी, मराठी, माळवी, काहीही चालायचं. मिलला टाळं लागलं तेव्हा बाहेर पडलो ते निम्मे गेलेले कान आणि ही सवय एवढंच घेऊन.

मग सियागंज बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात लागलो. काम शिडीचं. वर चढायचं, खिळ्यांचे, बिजागऱ्यांचे डबे काढून खाली द्यायचे. दोन-तीन वर्षं निभावलं आणि खुब्याने दगा दिला. एक पायरी चढलो की डोळ्यांत पाणी यायचं. शेठ म्हणाला, "भिया, शिडी चढता आली की या." म्हणजे पाय नाही तर काम नाही. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

शहरात तेव्हा काचांची, एसीची नवी खाजगी हॉस्पिटलं उघडत होती. त्यातल्याच एकात गेलो. डॉक्टर मराठी निघाले. बायकोला तेवढ्यानेच हायसं वाटलं. "आपल्या भाषेत नीट विचारता येईल हो," म्हणाली. साहेबांनी या, बसा, केलं. कुठे राहता, आडनाव काय, सगळं मराठीत. मी आडनाव सांगितलं. आजोबा महूला पलटणीत होते हेही उगाच सांगून बसलो. आम्ही बौद्ध, हे त्यांना एवढ्यावरून कळलं. त्यानंतर साहेब हिंदीत गेले ते परत आलेच नाहीत. आमच्या लोकांना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही.

बायकोने कॅलेंडरच्या पानामागे चार प्रश्न लिहून दिले होते. उकिडवं बसता येईल का, शिडी चढता येईल का, नवा सांधा किती वर्षं टिकेल आणि ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार ना. मी पहिला वाचला. साहेब एक्स-रेत मान घालून काहीतरी पुटपुटले. तोंड दिसत नव्हतं म्हणजे मला काहीच ऐकू आलं नाही. मी म्हणालो, "साहेब, जरा माझ्याकडे बघून बोला, मला कमी ऐकू येतं." तर ते बायकोकडे वळले. "बहरे हैं क्या? पहले बताना था ना." आणि पुढचं सगळं तिलाच सांगायला लागले. मी जणू तिने सोबत आणलेली पिशवी. मी दुसरा प्रश्न वाचायला घेतला तर त्यांनी कागद माझ्या हातातून काढला आणि टेबलावर पालथा घातला. "डॉक्टर आप हैं या मैं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोने टेबलाखालून हात दाबला म्हणून गप्प बसलो. हे ऑपरेशन करणारे शहरात तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भरती झालो. दुपारी साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसलो होतो. मध्ये काच. आवाज बाहेर येत नाही म्हणून आतले लोक निर्धास्त. साहेबांसमोर एक तरुण डॉक्टर उभा होता, त्यांचा जावई, नुकताच शिकून आलेला. साहेबांचं तोंड माझ्याकडे होतं. त्यांचे ओठ मी स्वच्छ वाचले. "कल वाला कूल्हा तू कर ले. मिल वाला है, बहरा है, कुछ पूछेगा नहीं." जावई काहीतरी बोलला असावा, त्याची पाठ माझ्याकडे होती. साहेब म्हणाले, "कभी तो पहला करेगा ना."

मी काठी टेकत उठलो आणि दार ढकलून आत गेलो.

"साहेब, उद्या माझ्यावर पहिला हात कोण चालवणार आहे?" मी मराठीतच विचारलं.

"किसने बोला आपसे?"

"तुम्हीच. आत्ता. मी लूमवरचा माणूस आहे, मला काचेपलीकडचं कळतं."

त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग आवाज चढला असावा, कारण गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. "इतना शक है तो फाइल उठाओ, दूसरा डॉक्टर ढूंढो." जावई फरशीकडे बघत होता.

मी म्हणालो, "फाइल उचलणार नाही. तुमच्या नावावर आलोय, तुम्हीच करा. उद्या मास्क लावलात की सगळे सारखेच दिसाल. म्हणून सुई टोचायच्या आधी मास्क खाली घ्यायचा आणि माझ्यासमोर सांगायचं, मीच करतोय."

"ठीक है, ठीक है," म्हणाले. कुत्र्याला तुकडा टाकावा तसं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर झोपवलं. साहेब आले. मास्क हनुवटीपर्यंत ओढला आणि पहिल्या भेटीनंतर प्रथमच मराठीत बोलले. "मीच करतोय. झालं समाधान?" मी मान हलवली. त्या मराठीला मी भुललो, हे कबूल करतो.

पाठीत सुई गेली. कमरेखालचं शरीर माझं राहिलं नाही. मला कुशीवर वळवलं आणि तोंडासमोर हिरवा पडदा ओढला. गुंगी होती, पण डोकं जागं होतं. हातोडीचे ठोके ऐकू येत नव्हते, छातीत पोचत होते, लूमचे हादरे पोचायचे तसे. पडद्यावरून दोन टोप्या दिसायच्या. दोन्ही सारख्याच.

टाके काढायच्या दिवशी बायको सोबत होती. साहेबांनी जखमेवर नुसती नजर टाकली आणि बेसिनकडे हात धुवायला गेले. टाके जावयाने काढले. मग त्याने व्रणावरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश, मध्ये एका जागी थांबून. मिलमध्ये आम्ही लूमवरून कापडाचा ताका उतरवल्यावर आपापल्या कापडावरून असाच हात फिरवायचो, कुठे गाठ राहिली का बघायला. दुसऱ्याच्या ताक्याला असा हात कुणी लावत नाही.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याने आधी सासऱ्याच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि आवाज न काढता, मला वाचता येतील असे सावकाश ओठ हलवले. "मैंने किया."

मला भयंकर राग आला. उठून दोघांची गचांडी धरावी असं वाटलं. पण व्रण सरळ होता, एकसारखा होता. चांगलं काम मला ओळखता येतं. मी तसेच बिनआवाजाचे ओठ हलवले आणि दोन बोटांनी हवेत पायऱ्या चढून दाखवल्या, "शिडी चढता येईल?"

"तीन महीने बाद. आराम से," त्याने सांगितलं.

आमच्या कागदावरचा प्रश्न मी विचारला आणि त्याला मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर.

तेवढ्यात साहेब हात पुसत वळले आणि बायकोला म्हणाले, "देखा? बेकार में शक करते थे."

तेही मी वाचलं.