आभाराच्या भाषणाचं डबिंग

माझी थोरली बहीण पडद्यावर कधी दिसली नाही, पण तुम्ही तिला हमखास ऐकलेलं आहे. एका मोठ्या नटीचा आवाज म्हणजे माझी ताई. नटीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर करारपत्र घेऊन वकील दारात उभे राहतील, आणि वकिलांना चहा पाजायची मला हौस नाही. आमच्या घरात तिला नुसतं 'मॅडम' म्हणतात.

मॅडम दिसायला देखण्या, चालण्यात डौल, त्या रडल्या की थिएटर रडायचं. आवाज तेवढा घोगरा, जाडाभरडा. पहिल्याच सिनेमात दिग्दर्शकाने तो काढून टाकला आणि तिथे ताईचा बसवला. लोकांना तो इतका आवडला की पुढे मॅडमना चारचौघांत तोंड उघडायची सोय राहिली नाही. कुठे बोलायची वेळ आलीच तर 'घसा बसलाय' म्हणायचं, आणि टीव्हीवरची मुलाखत असली तर ती नंतर ताईकडून डब करून घ्यायची. ताईचं नाव मात्र कुठेही येणार नाही, असं करारात लिहिलेलं.

डबिंगची खोली न्हाणीघराएवढी. भिंतींना जाड कापड, एक माइक, कागद ठेवायला स्टँड, समोर पडदा आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. ताई पडद्यावरच्या ओठांकडे बघत बोलायची. ही सवय एवढी अंगात मुरली होती की घरीसुद्धा ती माणसाच्या डोळ्यांऐवजी तोंडाकडे बघायची. "लग्नाला एवढी वर्षं झाली, ही अजून माझे दातच मोजतेय," असं भाऊजी म्हणायचे. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे, आता निवृत्त आहेत. बायकोच्या कामाचा त्यांना जबर अभिमान, पण सांगायची चोरी. शेजाऱ्यांनी विचारलं तर "ऑफिसात जाते" म्हणायचे आणि मग संध्याकाळभर कुढत बसायचे.

गेल्या वर्षी ताईचा घसा धरायला लागला. डॉक्टरांनी आत बघितलं, स्वरयंत्रावर गाठ होती. काढावीच लागेल म्हणाले, आणि नंतर आवाज राहील याची हमी नाही. ताई रडली नाही. घरी येताना रिक्षात म्हणाली, "जायच्या आधी एकदा माझं नाव कोणीतरी घ्यायला हवं गं." मला वाटलं, ही जिवाबद्दल बोलतेय. ती आवाजाबद्दल बोलत होती.

मॅडम भेटायला आल्या तेव्हा तिने संकोच गिळून हेच त्यांच्या कानावर घातलं. मॅडमना त्या वर्षी मोठ्या पुरस्काराचं नामांकन होतं. त्यांनी ताईचा हात धरला. "मिळाला तर स्टेजवरून तुमचं नाव घेईन. करार गेला खड्ड्यात." भाऊजी समोरच होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी नवा शर्ट शिवायला टाकला.

पुरस्कार मिळाला. हे सोहळे तुम्ही घरी बघता ते शिळे असतात. शूटिंग आधीच उरकलेलं असतं. मग काटछाट होते, टाळ्या वाढवतात, हसू पेरतात. मॅडमचं भाषण तर अख्खं डब होणार होतं. म्हणजे आभार मानले मॅडमनी, पण लोकांना ऐकू येणार ते माझ्या बहिणीच्या तोंडून. भाऊजींना याची फार गंमत वाटली. "स्वतःचे आभार स्वतःच मानून घे," ते म्हणाले, "दुसऱ्याच्या भरवशावर राहू नको."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डबिंग ठेवलं होतं. कोमट पाण्याचा थर्मास घेऊन मी सोबत गेले. चॅनेलचा माणूस भाषणाचा कागद घेऊन आला. त्यात निर्माते होते, दिग्दर्शक होते, आई, केस करणारी, झालंच तर मॅडमचा कुत्राही होता. ताई नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईने चष्मा पुसला. "गडबडीत राहिलं असेल," म्हणाली आणि माइकपुढे उभी राहिली.

कानात मॅडमचा मूळ आवाज लावलेला असतो, त्याच्या अंदाजाने बोलायचं असतं. ताई बोलत गेली आणि एके जागी थांबली. रेकॉर्डिस्टने मागे घेतलं. ती पुन्हा तिथेच थांबली. कागदावर तिथे 'आणि माझे मायबाप प्रेक्षक' असं होतं, पण कानातला आवाज गायब.

"इथे काही ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"खराब झालंय म्हणे. असंच आलंय," रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

तिने तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा. मग माझ्याकडे वळली. "त्यांनी घेतलंय माझं नाव. आडनावासकट. आणि पुढे म्हणाल्यात, 'यांच्याशिवाय मी मुकी आहे.'"

मला नुसते हलणारे ओठ दिसत होते. पण ते ओठ ताईइतके कोणी वाचले होते?

चॅनेलचा माणूस गोडच बोलला. "ताई, वरून आलंय. हॉलमध्ये सगळे आपल्याच धंद्यातले होते, तिथे खपलं. घरोघरी नाही खपणार. तुम्हाला जमत नसेल तर दुसरीला बोलावू."

"बोलवा," मी म्हटलं. "चल गं घरी."

ताई माइकपुढून हलली नाही. "हे माझं शेवटचं काम. यात दुसरीचा आवाज लागला तर माझं काय राहिलं?"

आणि ती कागदावरचं बोलली. इथपर्यंत मी समजू शकते. पण शब्द संपले तरी मॅडमचे ओठ हलतच होते. कोणाच्याही लक्षात आलं असतं की इथे काहीतरी कापलंय. तसंच राहू द्यायचं ना. पण काम वाईट करणं तिला येतच नव्हतं. "ओठ शिल्लक राहतायत," ती म्हणाली. "'तुमच्याशिवाय मी कोणीच नाही' घालू का? बरोबर बसेल."

चॅनेलचा माणूस खूश झाला. मी कपाळावर हात मारला. तिने ते वाक्य घातलं, शेवटी किंचित कापरा आवाज लावून. असं बसलं की शिवण दिसेना.

गाठ निघाली, आवाजही गेला. तोंडातून नुसती हवा यायची.

सोहळा टीव्हीवर लागला त्या दिवशी ताई सकाळपासून भाऊजींची नजर चुकवत होती, आणि मलाही तिने खुणेने गप्प केलं होतं. भाऊजींनी शेजारीपाजारी बोलावले होते. "एक ओळखीचं नाव ऐकायला मिळेल," एवढंच सांगितलेलं. नवा शर्ट घालून ते पुढे बसले. भाषण झालं. 'तुमच्याशिवाय मी कोणीच नाही' या वाक्याला शेजारच्या वहिनींनी डोळे पुसले. भाऊजी म्हणाले, "थांबा, पुढे असेल." सगळे शेवटपर्यंत थांबले, मग चपला शोधून गेले.

"तुझ्याच आवाजात तुला वगळलं त्यांनी," भाऊजी म्हणाले आणि मॅडमना नाही नाही ते बोलले. ते काही मला ऐकवेना. मी घडलं तसं सांगून टाकलं. त्यांनी ताईला एवढंच विचारलं, "ते वाक्य तू घातलंस?" ताईने होकाराची मान हलवली. ते आत जाऊन शर्ट बदलून आले.

सकाळी मॅडमचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"मी नाव घेतलं होतं हो तुमचं," घोगरा आवाज म्हणाला. "ते तुम्हीच पुसलंत?"

ताईने तोंड उघडलं. मीच बोलले. "तिला आता बोलता येत नाही. आणि एवढं वाटतं तर तुम्ही सांगा ना लोकांना. तुमच्या तोंडाने सांगा."



"काल कार्यक्रम संपल्यावर एका पेपरवाल्याला फोन केला," मॅडम म्हणाल्या. "स्वतःचं नाव सांगितलं, सगळं सांगायला लागले. तो म्हणाला, 'बाई, मॅडमचा आवाज आम्ही ओळखतो. थट्टा करू नका.' आणि त्याने फोन ठेवला."