एका बाहीचे स्वेटर

वाशीत थंडी येते ती उभ्याउभ्या, चहासुद्धा न घेता निघून जाते. त्यामुळे इथे लोकर विणणाऱ्या बाईकडे लोक जरा काळजीनेच बघतात. लिफ्टमध्ये माझ्या पिशवीतून सुया डोकावताना दिसल्या की कोणीतरी विचारतंच, "काकू, उकडत नाही का हो?" मी म्हणते, उकडतं की. पण मी लोकर विणते, पांघरून बसत नाही.

खरं सांगायचं तर माझं एकच हक्काचं गिऱ्हाईक होतं, माझी लेक. ती महाप्याला आयटी कंपनीत कामाला. तिच्या खुर्चीच्या बरोबर वर एसीचं तोंड. ऐन मे महिन्यात बाहेर रस्ता भाजत असायचा आणि ही बया आत मी विणलेला राखाडी स्वेटर घालून बसायची. त्या स्वेटरची लोकर उरली होती. शिवाय तिच्या शाळेच्या स्वेटरची बाटलीहिरवी, ह्यांच्या बिनबाह्यांच्या स्वेटरची मरून, कुठल्याशा शालीची जांभळी, अशी उरलीसुरली सगळी एका वेताच्या टोपलीत साठवलेली. सगळ्या गोष्टी सुरू झाल्या त्या ह्या टोपलीतून.

पण त्याआधीचं सांगायला हवं. लेकीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी हवेतच होते. तिसरा महिना लागतो न लागतो तोच बाजारात जाऊन नवी कोरी, लिंबासारखी पिवळी लोकर घेऊन आले. स्वेटर, टोपडं, पायमोजे, सगळा संच केला, बटणं लावली, रिबिनी ओवल्या आणि मलमलीत गुंडाळून ठेवला. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं की यात कोणाची चूक नसते, असं होतं कधीकधी. मलाही ते पटलं. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलंय, मला कसं पटणार नाही?

फक्त एक गोष्ट डोक्यातून जाईना. माझ्या सासूबाई म्हणायच्या, मूल हातात येईपर्यंत त्याच्यासाठी नवं काही आणू नये. पहिलं झबलं दुसऱ्या बाळाचं, जुनं, वापरलेलं असावं. मी तेव्हा नाक मुरडायचे. आता मला कोणी काही बोललं नाही, सासूबाई तर जाऊन किती वर्षं झाली, तरी मीच मला बोलत बसायचे. तो पिवळा संच मी माळ्यावर फराळाच्या मोठ्या डब्यामागे ढकलून दिला.

पुढच्या वर्षी लेकीने पुन्हा बातमी दिली. मी तेव्हा कांदा चिरत होते, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं ते कशाचं हे विचारायची सोय नव्हती. आनंद झाला, पण त्याच्या मागोमाग भीती आली ती आलीच. ठरवलं, ह्या वेळी दुकानाची पायरी चढायची नाही.

पण हातांना सवय असते. रिकामे हात घेऊन मी किती दिवस बसणार? संध्याकाळी फिरायला माझ्याबरोबर एक मैत्रीण असते, इथल्या मूळ गावातली, तिच्या सासरची शेतं होती त्यावर आज आमचं सेक्टर उभं आहे. तिला घाबरत घाबरत विचारलं. ती म्हणाली, "जुनी लोकर हाय ना ती? मंग नवीन कशी होनार? कर तू खुशाल. तुला कोन बोलतंय?"

पळवाट मिळाली. उरलेली लोकर म्हणजे जुनी लोकर. मी टोपली खाली घेतली. पण माझं भित्रं मन एवढ्यावर थांबेना. त्यात मी माझा एक नियम घातला, जो कुठल्या सासूबाईंनीही सांगितला नव्हता. विणायचं, पण पुरं करायचं नाही. काही तयारच नाही म्हटल्यावर तयारी केली असं कोण म्हणेल?

झालं. बाळाच्या राखाडी स्वेटरची एक बाही झाली की मी तो बाजूला ठेवायचे आणि हिरवा घ्यायचे. हिरव्याचीही एकच बाही. मरून टोपडं वरून उघडंच, टाके सुईवर तसेच. पायमोजा एका पायाचा. दुपट्याचे चौकोन केले, जोडले नाहीत. सगळ्या सुया अडकून पडल्या तेव्हा नवीन सुया आणल्या, सुया आणायला काही मनाई नव्हती. एकदा ह्यांनी टोपलीत डोकावून विचारलं, "अगं, हे काय? बाळाला एकच हात असणार आहे का?" मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पेपर घेऊन बाल्कनीत गेले. गंमत करत होते बिचारे, पण मला ती सहन झाली नाही.

आठव्या महिन्यात लेक आमच्याकडे राहायला आली. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली होती, त्यामुळे ती दिवसभर आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे. जावई ऐरोलीहून संध्याकाळी येऊन भेटून जायचे. डोहाळजेवण नको असं तीच म्हणाली आणि मी लगेच हो म्हटलं. आत्ता आठवतं, मी फारच लगेच हो म्हटलं होतं.

मी विणत असले की ती शेजारी येऊन बसायची. एक दिवस राखाडी स्वेटर उचलून म्हणाली, "आई, ह्याची दुसरी बाही कधी?"

"लोकर संपली गं," मी म्हटलं. टोपलीत राखाडी गुंडा चांगला लिंबाएवढा पडला होता. मी त्यावर जांभळा ढकलला.

दोन दिवसांनी संध्याकाळी नवऱ्याबरोबर पाय मोकळे करायला म्हणून खाली गेली आणि येताना हातात दुकानाची पिशवी. आत कोरी आकाशी लोकर. "घे. आता संपली म्हणू नकोस."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ती आत आणू नकोस. दाराबाहेर ठेव."

जावई चपला काढता काढता थांबले. लेक तशीच उंबऱ्यात उभी राहिली, एक हात कमरेवर, एका हातात पिशवी. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, तुलासुद्धा वाटतंय ना, की हे होणार नाही?"

मी तिला आत आणून बसवलं आणि सगळं सांगितलं, सासूबाईंचं, पिवळ्या लोकरीचं, टोपलीतल्या जुन्या लोकरीचं, माझ्या त्या अर्धवट ठेवायच्या नियमाचं. मला वाटलं हसेल, म्हणेल, विज्ञानाच्या बाई ना तुम्ही? ती हसली नाही. म्हणाली, "सगळे तेच करतायत. ह्याने पाळणा बघितला नाही. सासरी कोणी नावाचा विषय काढत नाही. ऑफिसात कोणी तारीख विचारत नाही. सगळे मला जपतायत म्हणे. पण ते रोज लाथा मारतंय, आणि त्याची वाट बघणारी मी एकटीच आहे. मला एक तरी वस्तू पूर्ण झालेली बघायचीय."

मला फार वाईट वाटलं. मी स्वतःची भीती सांभाळत बसले होते, आणि माझी लेक त्या अर्धवट बाह्यांकडे बघून रोज काय समजत होती!

मग तीच म्हणाली, "माळ्यावरचं ते पिवळं काढ."

ते माळ्यावर आहे हे तिला कसं ठाऊक, असं मी विचारायच्या आतच तिने सांगितलं. दिवाळीत चकलीचा सोऱ्या शोधायला ती स्टुलावर चढली होती, तेव्हा हाताला लागलं. तिने मलमल सोडून बघितलं, थोडा वेळ मांडीवर घेऊन बसली आणि होतं तसं गुंडाळून परत ठेवलं. मी स्वयंपाकघरात बेसन भाजत होते म्हणे. मला काही पत्ताच नाही.

"तूच म्हणतेस ना, आधीची लोकर जुनी असते? मग उसव ते. त्याचं टोपडं कर. आणि पुरं कर."

जावयांनी माळ्यावरून गाठोडं काढून दिलं आणि आकाशी लोकर जाताना दुकानात परत केली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पलंगावर समोरासमोर बसलो. मी बटणं काढली, शेवटची गाठ शोधली आणि धागा ओढला. सरसर उसवत गेलं. लेकीने दोन हात पुढे धरले होते, मी तिच्या हातांवर लड घालत होते, आणि दोघींच्या मधे तिचं पोट. मधेच ती म्हणाली, "थांब, लाथ मारली." आम्ही थांबलो. मग दोघीही रडलो, आणि रडून झाल्यावर पुन्हा लड घालायला लागलो. मी ती कोमट पाण्यात धुतली, बाल्कनीत खुर्चीच्या पाठीवर ताणून वाळवली. नागमोडी झालेली लोकर उन्हाने सरळ झाली.

टोपडं दोन बैठकांचं काम. पण शेवटच्या टाक्यांशी येऊन माझे हात थांबले. लेक शेजारीच बसून बघत होती. मी टाके बंद केले, धागा ओढून घेतला, कात्रीने कापला. तिने ते टोपडं पोटावर ठेवलं आणि फोटो काढून नवऱ्याला पाठवला. त्या दिवसापासून बाळंतपणापर्यंत मी तिला उठता बसता "हलतंय ना?" विचारून भंडावून सोडलं. माझा जीव टांगणीला लागला होता, तो काही एका टोपड्याने उतरणार नव्हता.

आणि मग एका सकाळी आम्ही इथल्याच हॉस्पिटलात, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर. जावई येरझाऱ्या घालताहेत, हे एकच पेपर उलटसुलट करताहेत, मी पिशवी छातीशी धरून बसलेय. आतून काही कळत नव्हतं. मग दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आली. ती अभिनंदन म्हणाली नाही, मुलगा की मुलगी तेही सांगितलं नाही. तिला घाई होती. म्हणाली, "आत एसी फार गार आहे. बाळासाठी टोपडं आणलंय का? कोरं नको हं, धुतलेलं द्या."

बाळासाठी. म्हणजे बाळ होतं. त्याला डोकं होतं आणि त्या डोक्याला गार लागत होतं. माझा जीव भांड्यात पडला तो त्या क्षणी. पिशवीत हात घालून मी टोपडं काढून दिलं. त्या पिशवीत देण्याजोगं पुरं विणलेलं तेवढंच होतं. लेकीने हट्ट धरला नसता तर मी सिस्टरच्या हातात काय दिलं असतं, एका बाहीचा स्वेटर?

नात आता चार महिन्यांची आहे. आवाज मोठा, केस कमी. मैत्रीण येऊन बघून गेली, म्हणाली, "आजीवर गेलीय, गप बसत नाय." ते पिवळं टोपडं तिला कधीच लहान झालं, लेकीने आपल्या कपाटात ठेवलंय. टोपली मात्र अजून तशीच भरलेली आहे. फरक एवढाच की आता काम अर्धवट राहतं ते नातीमुळे. सुई हातात घेतली की ही जागी होते.

काल मोठ्या निर्धाराने राखाडी स्वेटर काढला. दुसरी बाही विणण्याआधी म्हटलं मापाला लावून बघू, इतके दिवस सगळं अंदाजानेच चाललं होतं. लेकीने नातीला धरलं, मी आधीची बाही तिच्या हातावर ठेवली. ती कोपराच्या जरा पुढेच संपली. गुबगुबीत मनगट बाहेर, आणि मुठीत माझी लोकर. लेक हसायला लागली. ती लोकर सोडवून घेता घेता मी म्हटलं, अगं, ही काही पुरायची नाही, लोकर खरंच संपली, उद्या खाली जाशील तेव्हा नवीन घेऊन ये.