ह्यांची पट्टी

मंडळी, उद्या आमच्या संगीत नाटकाचा प्रयोग आहे आणि आज सकाळी तालमीत नायकाचा आवाज बसला.

नायक म्हणजे नंदू. मांडव्याच्या जेट्टीवर प्रवाशांना हाका मारतो आणि उरलेल्या गळ्याने आमच्याकडे गातो. ही भूमिका आधी आमचे हे करायचे. ते गेल्यापासून मंडळ मी चालवते, पण गाणी अजून त्यांच्याच उंच पट्टीत, काळी चारमध्ये होतात.

हार्मोनियमवरचे भास्करभाऊ वैतागले. "वहिनी, पट्टी उतरवा. नायतर उद्या तुम्हीच मिशी लावून उभ्या राहा."

"पट्टी तीच राहील," मी म्हटलं.

"गातो मी, वहिनी," नंदू म्हणाला. "दादांची पट्टी हाय ती."

वरच्या सुरावर नुसती हवा आली. तो गळा धरून खाली बसला आणि माझ्याकडे बघून परत उठायला लागला. तेव्हा मात्र मी घाबरले.

"भाऊ, पट्टी उतरवा. काळी दोन द्या."

आवाज घोगरा होता, पण गाणं शेवटपर्यंत गेलं. ते ऐकताना पहिल्यांदाच मला ह्यांचा आवाज आठवला नाही. उद्याची काळजी निम्मी झाली, पण ह्यांना मागे सोडल्यासारखं वाटत राहिलं.

गेलेल्या माणसाची कुठली गोष्ट तुम्ही सगळ्यात आधी बदललीत? आणि कशी?