थावरा नायकासाठी रुंद केलेली चौकट

दोन हजार तेवीस साल. मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि माझ्याइतकं हट्टी माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरं नाही अशी माझी तोवर पक्की समजूत होती. ती माझ्या विहीणबाईनं मोडली. धाकट्या मुलाची सासू, राहणार आर्णी. या बाईला कोणी एक साधा प्रश्न विचारून एक साधं उत्तर घेऊन दाखवावं, मी त्याला मानाचा फेटा बांधीन. "तब्येत कशी हाय, विहीणबाई?" असं मी फोनवर विचारलं की पलीकडून येणार, "कोणाची? माही का घरच्यायची? आजची का महिन्याची?" मी म्हणायचो, तुमची, आजची. तेव्हा कुठं कळायचं की गुडघा दुखून राह्यला आहे. मग "डावा का उजवा" हे मला विचारावं लागायचं, कारण तोवर तिची सवय मलाही लागलेली असायची.

तिच्या मुलीच्या आणि माझ्या मुलाच्या लग्नात ती मांडवाच्या तोंडाशी उभी होती. वधूची आई आत रडत बसलेली असते, ही दारात पाहुण्यांची छाननी करत होती. कोणाकडचे, नवऱ्याकडचे की नवरीकडचे? तिखट चालते की नाही? उत्तर मिळालं की बोटानं पंगत दाखवायची. एक म्हातारा म्हणाला, मी दोन्हीकडचा. त्याला तिनं बाजूला उभं केलं. लोकांना वाटलं आता याला जेवण मिळत नाही. पण तिनं सतरंजी मागवली, त्या एकट्यासाठी तिसरी पंगत मांडली आणि स्वतः वाढलं. आर्णीच्या कापडदुकानात ती म्हणते, आधी सुती साड्या काढा, आता त्यातल्या हिरव्या, आता त्यातल्या बिनकाठाच्या. शेवटी गादीवर एकच साडी उरते आणि ती दुकानदाराला सांगते, "पाहा, एवढंच दुकान होतं तुमचं. बाकी उगाच पसारा."

याचं मूळ तिच्या कामात आहे. पंचवीस वर्षं ती कॉम्प्युटरवर बसली, आणि निवृत्त झाल्यावरही महागावच्या एका संस्थेचं काम घेऊन बसली. ही संस्था गावोगावच्या विहिरींची पाणीपातळी गोळा करते आणि पडद्यावर रेघा काढून साहेबलोकांना दाखवते. त्या पडद्याला डॅशबोर्ड म्हणतात. विहीणबाईचं काम त्याच्या डोक्यावर चौकटी बसवायचं. एकीत तालुका, दुसरीत गाव, तिसरीत महिना. बघणाऱ्यानं जे निवडलं तेवढंच खाली दिसावं, यालाच फिल्टर म्हणतात. मी चौथी नापास माणूस, पण तिच्या मांडवात उभा राहिलेला असल्यामुळे मला हे एका झटक्यात समजलं.

आता आमच्या बंजारा तांड्याची गोष्ट. आम्ही टेकाडावर, गाव खाली नाल्याकाठी. गावची विहीर मे महिन्यातही भरलेली, आमची मार्चमध्येच तळ दाखवते. पण कागदावर तांडा वेगळा नव्हताच. दोन्ही विहिरींचे आकडे गावाच्या नावावर एकत्र करून मधला, म्हणजे सरासरीचा आकडा काढत, आणि तो दिसायला चांगला गुबगुबीत असे. तीन उन्हाळे आम्ही टँकर मागितला आणि तीनही वेळा उत्तर आलं, तुमच्या गावात तर पाणी आहे. आमच्या बाया गावातून चढावर हंडे आणत राहिल्या. माझी थोरली सून एकदा हंड्यासकट घसरली, तिचं मनगट अजून वाकडंच आहे.

फेब्रुवारीत विहीणबाई डायरी घेऊन तांड्यावर आली. विहीर बघितली आणि म्हणाली, "तुमाले यादीत वेगळं बसवते, व्याहीबुवा. नाव टाकते, तांडा क्रमांक दोन."

मी बाजेवरून उठलो. "माहा आजा क्रमांक होता काय?"

तांडा ज्या नायकानं वसवला त्याचं नाव तांड्याला लागतं, ही आमची रीत. माझा आजा थावरा नायक. बैलांवर मीठ लादून मुलूख फिरला आणि शेवटी या टेकाडावर त्यानं गोणी उतरवली. मी म्हणालो, नाव पूर्ण पाहिजे. थावरा नायक तांडा.

"त्या चौकटीत तेवढं मावत नाही. अर्ध्यातच कटते."

"मंग चौकट मोठी करा."

"एक मोठी केली का बाजूच्या सरकते. अख्खा पडदा नव्यानं मांडा लागते."

"मांडा."

माझी बायको चुलीपुढून म्हणाली, "पाणी पाह्यजे का नाव पाह्यजे तुमाले?" मी म्हणालो, दोन्ही. आमच्या विहिरीचा आकडा मोजून कळवायचं काम माझ्याकडं होतं; नाव लागेपर्यंत तो देणार नाही असं सांगून मोकळा झालो. आता सांगताना लाज वाटते. सगळ्या तांड्याचं पाणी माझ्या एका हट्टावर टांगलेलं होतं. दोन आठवडे मी फोन घेतला नाही. मग एका दुपारी धाकट्या सुनेनं आईचा फोन माझ्या कानालाच लावला. "व्याहीबुवा, थावरा आजोबा बसले चौकटीत. त्यायच्यासाठी महिन्याले खालच्या ओळीत धाडलं. आता आकडा सांगा." मी सांगितला, दोन हात पाणी. मधल्या दोन आठवड्यांचे आकडे तिनं माझ्या बायकोकडून परस्पर काढून घेतले होते, हे मला फार पुढं कळलं.

मार्चअखेर महागावला बैठक झाली, विहीणबाईनं मलाही बोलावलं. तालुक्याचे साहेब समोर बसले. पडदा उघडला तर कोरा.

साहेब म्हणाले, "मॅडम, हे बंद पडलेलं दिसतं."

"बंद नाही, साहेब. कोणतं गाव ते तुमी अजून सांगितलं नाही."

"सगळी दाखवा ना."

"सगळी हा पर्याय काढून टाकला मी. सगळी पाहतो म्हणणाऱ्याले एकही दिसत नाही."

मागं कोणीतरी खोकलं. साहेब रागावणार असं मला वाटलं. तेवढ्यात विहीणबाईनं माऊस माझ्याकडे सरकवला. "व्याहीबुवा, तुमचं निवडा."

मी आयुष्यात ती वस्तू धरली नव्हती. पडद्यावरचा बाण, सुटलेल्या वासरासारखा, बाहेर पळायचा. तिनं हात लावला नाही, मदत केली नाही, साहेबांनाही थांबवून ठेवलं. मी यादी अक्षर अक्षर लावत खाली गेलो आणि आजाच्या नावाशी थांबलो. पूर्ण नाव होतं, नायकासकट. मी बोट दाबलं. रेघ आली ती जानेवारीपासून घसरत थेट तळाला.

साहेब पडद्याकडे वाकले. "हे कधीपासून असं आहे?"

"पाणी छेनी, साहेब," माझ्या तोंडून घरची बोलीच निघाली. "तीन उन्हाळे पाणी नाही."

एक दिवसाआड टँकर त्याच बैठकीत मंजूर झाला. विहीणबाईनं पिशवी उचलली आणि आर्णीची बस पकडायला निघून गेली. मी बघत राहिलो. आभाराचे दोन शब्द बोलायचे होते, ते राहूनच गेले.

गेल्या दिवाळीपासून ती पुण्याला मुलाकडे असते. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पडदा आता दुसरं कोणी सांभाळतं. चौकट मात्र अजून तेवढीच रुंद आहे, मी मुद्दाम जाऊन बघून आलो. आर्णीच्या तिच्या घराला कुलूप असतं. बस त्या गल्लीच्या तोंडावरून जाते तेव्हा मी खिडकीकडची जागा घेतो.

त्या वर्षी मात्र बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं आर्णीला गेलो होतो. लग्नकार्याशिवाय मी व्याह्याच्या घरची पायरी कधी चढलो नव्हतो. तिनं दार उघडलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि घाबरून म्हणाली, "पोरीले काही झालं काय?"

"नाही. सगळे बरे हायत."

"मंग?"

"माहा आजा असता तर तो स्वतः आला असता," मी म्हणालो. "तो नाही, म्हणून मी आलो."

तिनं मला बसायला खुर्ची पुढं केली आणि चहा ठेवायला आत गेली.